उतारावर गवत कापताना दुसऱ्यांदा इंजिन गेलं. दोष ट्रॅक्टरचा की उताराचा?

उतरण | १९ मे

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत पिट्सबर्गच्या दक्षिणेला आमचं घर आहे. जागा २ एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने ८० गुंठे. त्यातली सपाट फार तर २० गुंठे, बाकी सगळी मागच्या ओढ्याकडे उतरत जाते. या भागात राहिलेल्यांना कल्पना असेल. शहरातला कँटन ॲव्हेन्यू हा रस्ता ३७ टक्के चढाचा आहे, आणि आमच्या मागच्या अंगणाची जातकुळी तीच.

काल संध्याकाळी आमच्या ट्रॅक्टरचं, म्हणजे बसून गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरचं, इंजिन गेलं. १९ एचपी, एक सिलिंडर, उभा शाफ्ट, ४२ इंची डेक (पात्यांची पेटी), मीटरवर १८६ तास. उताराला आडवं कापत होतो. आधी टकटक ऐकू आली, मला वाटलं पात्याला दगड लागला. पाती बंद करून घराकडे वळवतोय तोवर धाडकन आवाज झाला आणि सगळं थांबलं. उतरून बघतो तर क्रँककेसला (इंजिनाच्या तेल भरलेल्या पेटीला) अंगठा जाईल एवढं भोक आणि गवतावर तेलाचा पट्टा. चार वर्षांपूर्वी वेगळ्या कंपनीचा ट्रॅक्टर होता, तोही साधारण याच जागी असाच गेला.

दुरुस्तीवाला म्हणतो, "तेल कमी होतं." मी महिन्यातून एकदा तेल बघतो, त्यामुळे मला ते पटत नाहीये. इंजिनाला हा चढ झेपत नाही का? २४ एचपीचं घ्यावं का? बायकोचं म्हणणं की सगळं कंत्राटावर देऊन टाक. पण शनिवार सकाळचे ते दोन तास मला आठवडाभर पुरतात. ते सोडायची इच्छा नाही.

बर्फाळवाट | १९ मे

सरळ २४ एचपी व्ही-ट्विन (दोन सिलिंडरचं) घ्या. माझं पाच वर्षं एका तक्रारीविना चाललंय. एक सिलिंडरवाली इंजिनं सपाट अंगणासाठी असतात.

तेलपाणी | २० मे

उतरण, घाईने काही विकत घेऊ नका. मी पुण्याजवळ २२ वर्षं इंजिन असेंब्लीवर काम केलं, आता मुलाकडे नॉर्थ कॅरोलायनात असतो आणि गल्लीतल्या लोकांची मशिनं उघडून बसतो. तुमचं वर्णन वाचून सांगतो, हा ताकदीचा प्रश्न नाही. ताकद कमी पडली असती तर इंजिन गुदमरलं असतं, पाती मंदावली असती, बंद पडलं असतं. टकटक होऊन रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) क्रँककेस फोडून बाहेर येतो तो तेल न मिळाल्यामुळे.

या छोट्या इंजिनांत काय असतं ते बघा. बहुतेकांत कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि तो थेट क्रँकपिनवर फिरतो. मोटारीच्या इंजिनात असतात तशा बेअरिंगच्या वाट्या मध्ये नसतात. दोन धातूंमध्ये तेलाचा जो पातळ थर असतो तोच काय तो आधार. थर काही क्षण जरी तुटला तरी ॲल्युमिनियम पिनला चोपडलं जातं, फट वाढते, टकटक सुरू होते. तुम्ही आवाज ऐकलात तेव्हाच रॉड गेलेला होता.

आता ते तेल तिथे पोचतं कसं? साध्या एक सिलिंडर इंजिनात पंप नसतो. आडव्या शाफ्टच्या इंजिनात रॉडच्या खालच्या टोकाला चमच्यासारखी जीभ असते, ती दर फेऱ्याला तेलात बुडते आणि तेल उडवते. उभ्या शाफ्टच्या इंजिनात पाती असलेलं एक दातेरी चाक तळाशी फिरत तेल भिरकावतं. दोन्हींचा भरवसा एकाच गोष्टीवर, की तेल त्या जागी असेल.

परातीत बोटभर पाणी घ्या आणि परात तिरकी धरा. समजा तुमच्या क्रँककेसचा तळ २५ सें.मी. रुंद आहे आणि उतार १७ अंशांचा आहे. तेल आडव्या पातळीत राहतं, म्हणजे तळाच्या हिशेबाने एका कडेला ते दुसऱ्या कडेपेक्षा साडेसात सें.मी. वर चढतं. आत तेल असतं जेमतेम दीड लिटर. वरच्या कडेला तळ कोरडा पडायला कितीसा वेळ लागणार? ते चाक कोरड्या कडेला असेल तर ते नुसती हवा घुसळतं.

तीन गोष्टी सांगा. आडवं कापताना उताराकडची बाजू कायम एकच असायची का? गेल्या महिनाभरात निळा धूर यायचा का? आणि एअर फिल्टर उघडून बघा, तेलकट आहे का?

उतरण | २० मे

काका, फिल्टर काढला. खालचा अर्धा भाग तेलाने चिंब! धूर यायचा, हो. वरच्या टोकाला वळताना निळसर झुळूक यायची, मग जायची. जुनं मशीन आहे म्हणून मी सोडून दिलं. आडव्या पट्ट्यात जाताना उजवी बाजू खाली, येताना डावी. पण येताना मी बहुतेक वेळा पाती उचलून वरच्या सपाट रस्त्याने परत यायचो, म्हणजे काम करताना खाली नेहमी उजवीच.

तेलपाणी | २० मे

मग कोडं सुटलं. तुमचा दुरुस्तीवालाही बरोबर आहे आणि तुम्हीही.

क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडायला एक ब्रीदर असतो, त्याची नळी एअर फिल्टरच्या बाजूला जाते. उतारावर तेल एका कडेला चढलं की ते ब्रीदरच्या तोंडाशी येतं आणि नळीवाटे फिल्टरमध्ये, तिथून कार्ब्युरेटरमधून सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. तोच निळा धूर. सिलिंडरचं तोंड उताराकडे असेल तर तेल पिस्टनच्या मागे साचतं आणि रिंगांवरूनही थोडं वर जातं. म्हणजे उतारावरचा प्रत्येक तास तुमचं तेल थोडं थोडं पीत होता. सपाट अंगणवाल्याला महिन्यातून एकदा बघणं पुरलं असतं. तुमच्याकडे दोन शनिवारांत पातळी खालच्या खुणेच्या खाली जात असणार. आधीच कमी तेल, त्यात ते एका कडेला गोळा झालेलं. रॉडला काही मिळालंच नाही.

"मग जास्तच भरून ठेवतो" असा विचार मनात आला असेल तर तो करू नका. वरच्या खुणेच्या वर भरलं की तेल फेसाळतं, ब्रीदरमधून आणखी वेगाने जातं आणि फेसाने वंगण होत नाही. नेमकं वरच्या खुणेपर्यंत, प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी.

आता उतार मोजा. अंदाजाने बोलू नका, अंदाज नेहमी चुकतो. चार फुटी सरळ फळी गवतावर ठेवा, तिच्यावर फोन ठेवून लेव्हलचं ॲप उघडा, आणि दहा-बारा ठिकाणी अंश लिहून घ्या.

बर्फाळवाट | २१ मे

काका, पण व्ही-ट्विनला पंप असतो ना? मग माझा सल्ला चुकीचा कसा?

तेलपाणी | २१ मे

सल्ला अर्धा बरोबर आहे, कारण मात्र वेगळं. एचपी मोजायची नाही, तेलाचा मार्ग बघायचा. बाहेर गोल डबीसारखा ऑइल फिल्टर बसवलेला दिसला की आत पंप आहे असं धरायला हरकत नाही. पंपवालं इंजिन उतारावर नक्कीच जास्त तग धरतं. पण पंपाचं तोंडही तळाशी एका जागी असतं. तेल तिथून सरकलं की पंप हवा ओढतो, आणि दाब क्षणात शून्य.

जुनं_लोखंड | २१ मे

ओहायोहून. मी १९७०-८०च्या काळातले गार्डन ट्रॅक्टर गोळा करतो, दोन चालू आहेत, एक सुटा पडलाय. पंपाबद्दल काका म्हणतात त्यात एक भर घालतो. पंप आहे म्हणजे रॉडपर्यंत दाबाने तेल जातंच असं नाही. कोहलरचं केटी-१७ हे दोन सिलिंडरचं इंजिन जुन्या ट्रॅक्टरवाल्यांमध्ये याच कारणाने प्रसिद्ध आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत पंप होता, पण रॉडच्या बेअरिंगला थेट दाबाने तेल मिळत नव्हतं. उतारावर वापरणाऱ्यांचे रॉड गेले. दुसऱ्या आवृत्तीत क्रँकमधून भोकं पाडून रॉडला दाबाने तेल दिलं आणि तेच इंजिन मजबूत म्हणून ओळखलं जाऊ लागलं. जॉन डिअरच्या ३१७ मध्ये हे केटी-१७ होतं. १९८३ मध्ये ३१८ आला, त्यात ओनानचं आडव्या सिलिंडरांचं इंजिन बसवलं, दाबाच्या वंगणाचं.

उलट कोहलरच्या जुन्या के मालिकेतली ओतीव लोखंडाची एक सिलिंडर इंजिनं नुसत्या शिंपडण्यावर चालतात आणि सपाटीवर पन्नास वर्षांनंतरही चालताहेत. म्हणजे पद्धत वाईट नाही, जागा बघून वापरायची आहे.

जुनं घ्यायचं असेल तर विकणाऱ्याला एवढंच विचारा: मालिका कोणती, आणि उतारावर चालवलाय का?

उतरण | २३ मे

मोजलं. लेक फळी धरत होती, मी लिहीत होतो. बारा जागा.

घरामागचा पट्टा ६ ते ९ अंश. मधला मोठा भाग ११ ते १४. ओढ्याच्या वरची शेवटची २५ फूट रुंदीची पट्टी १९, २१, २२ अंश. दोन्ही इंजिनं तिथेच गेली. सात वर्षं तिथे बसून कापत होतो आणि मनात धरून चाललो होतो की असेल बारा-तेरा.

पुस्तिका शोधून काढली. तिच्यात स्पष्ट लिहिलंय की १५ अंशांच्या वर चालवू नका. मागे एक पान आहे, ते घडी घालून डोळ्यासमोर धरायचं आणि झाडाच्या किंवा खांबाच्या रेषेशी उतार ताडून बघायचा. मी ते पान कधी उघडलंच नव्हतं.

तेलपाणी | २३ मे

चांगलं केलंत. अंश आणि टक्के यांत गोंधळ करू नका, दुकानातही करतात. १५ अंश म्हणजे साधारण २७ टक्के, २२ अंश म्हणजे ४० टक्के. तुम्ही ज्या रस्त्याचं नाव घेतलंत त्याचे ३७ टक्के म्हणजे २० अंश, तेव्हा तुमची ती पट्टी त्याहून चढी भरते. काही कंपन्या तर १० अंशांवर, म्हणजे १७.६ टक्क्यांवरच थांबायला सांगतात.

आणखी एक. पुस्तिकेतले १५ अंश हे मुख्यतः ट्रॅक्टर उलटू नये म्हणून आहेत. इंजिनाची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, अनेक इंजिनांत ती २०-२५ अंशांच्या आसपास असते, तीही तेल पूर्ण भरलेलं असताना. त्यामुळे लोकांना वाटतं, इंजिन चालतंय म्हणजे मी सुरक्षित आहे.

रात्रपाळी | २४ मे

मला इंजिनातलं कळत नाही. मी टेनेसीत इमर्जन्सीत नर्स आहे. २२ अंश वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय.

उतरणदादा, त्या पट्टीवर ट्रॅक्टर पुन्हा नेऊ नका. इंजिन गेलं, ते जाऊ द्या, तुम्ही दोन्ही वेळा पायांवर चालत घरी आलात. दर उन्हाळ्यात आमच्याकडे ट्रॅक्टरखाली सापडलेली माणसं येतात. सगळी सावध, अनुभवी माणसं असतात, वीस-वीस वर्षं तेच अंगण कापलेली. कधी दव असतं, कधी चिचुंद्रीने केलेलं बीळ असतं, वरचं चाक एका उंचवट्यावर चढतं आणि खालचं खड्ड्यात जातं. घसरायला लागल्यावर पाय टेकून थांबवता येईल असं प्रत्येकाला वाटतं. तीन-चारशे किलो पायाने थांबत नाहीत.

बसून चालवायच्या ट्रॅक्टरने उतारावर सरळ वर-खाली जायचं, आडवं नाही. हाताने ढकलायच्या मशीनने उलट, आडवं जायचं, म्हणजे पाय घसरला तर मशीन अंगावर येत नाही. चढताना ट्रॅक्टर अडला तर पाती बंद करा आणि हळूच सरळ मागे खाली या, वळवू नका. डोक्यावर लोखंडी कमान असेल तर पट्टा बांधायचाच. कमान नसेल तर बांधायचा नाही. आणि लेकीला कधीही मांडीवर घेऊन बसू नका. फळी धरायला ती होती हे वाचून बरं वाटलं, पण कापताना ती घरात हवी.

उतरण | २४ मे

ताई, लेकीला मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत मांडीवर घेत होतो. तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. त्या पट्टीवर ट्रॅक्टर नेणार नाही, शब्द देतो.

पण मग तिथलं गवत कसं काढू? कमरेएवढं होतं जुलैपर्यंत. आणि गोचीड आहेत, त्यांच्यामुळे होणाऱ्या लाइम रोगाची भीती आहे.

बेणणी | २५ मे

आमच्याकडची पद्धत सांगू का? चिपळूणजवळ आमची हापूसची बाग आहे, सगळी वरकस जमीन, डोंगरावर. पाऊस ओसरला की बेणणी, म्हणजे वाढलेल्या गवताची कापणी, करावी लागते. माणसं मिळेनाशी झाली तसे सगळे ग्रास कटरवर आले. खांद्याला अडकवायचा, हातात दांडा, पुढे पातं किंवा दोरी. आमच्या उतारावर ट्रॅक्टर उभासुद्धा राहणार नाही, पण कटर दिवसभर चालतो.

इथले मेकॅनिक जे सांगतात ते काकांच्या बोलण्याशी जुळतं. टू-स्ट्रोक कटरला तेलाची टाकीच वेगळी नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, आमच्या कटरला ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. ते पेट्रोलबरोबर सगळीकडे फिरतं, त्यामुळे मशीन आडवं धरा, तिरकं धरा, वंगण मिळतंच. कार्ब्युरेटरही तरंगत्या गोळ्याचा नसतो, पडद्याचा असतो, म्हणून तिरकं केल्यावर पेट्रोल सांडत नाही की तुटत नाही. फोर-स्ट्रोक हवा असेल तर होंडाच्या जीएक्स-३५ सारखी छोटी इंजिनं कुठल्याही कोनात चालतील अशीच बनवलेली आहेत.

मिश्रण डोळ्याने करू नका, मापाने करा. आमच्याकडे कटर जळतात ते साध्या पेट्रोलवर चुकून चालवल्यामुळे. डोळ्यांना जाळी किंवा चष्मा आणि पायात बूट हवेतच, खडा गोळीसारखा येतो.

तेलपाणी | २५ मे

बेणणी, अगदी नेमकं लिहिलंत. पडद्याच्या कार्ब्युरेटरवरून आठवलं. ट्रॅक्टरच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता गोळा असतो, तो तिरका झाला की पातळी चुकते. चढावर इंजिन धापा टाकल्यासारखं कमी-जास्त होतं ते बऱ्याचदा यामुळे, किंवा टाकीत पेट्रोल कमी असल्याने नळीचं तोंड उघडं पडतं म्हणून. उतारावर जाताना टाकी अर्ध्याच्या वर ठेवा.

आणि थ्रॉटल (इंजिनाचा वेग) पूर्ण. दया येऊन कमी करू नका. फेरे कमी झाले की तेल उडवणारं चाकही मंद होतं आणि थंड करणारा पंखाही. चढावर इंजिनाला सर्वांत जास्त थंडाव्याची गरज असते. वरच्या जाळीवर आणि सिलिंडरवरच्या थंडाव्यासाठी असलेल्या पट्ट्यांत गवताचा भुसा अडकला असेल तर तेल तापून पातळ होतं. हंगामात दोनदा तरी झाकण काढून ब्रशने साफ करा.

जुनं_लोखंड | २६ मे

एक सुटलेला मुद्दा. उतारावर इंजिनाआधी बऱ्याचदा ट्रान्समिशन (इंजिनाची ताकद चाकांना देणारा भाग) मरतं. स्वस्त लॉन ट्रॅक्टरमध्ये हायड्रोस्टॅटिकचा (तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारा) सीलबंद डबा असतो, त्याचं तेल बदलायची सोयही नसते. चढावर तो तापतो, तेल पातळ होतं, अर्ध्या तासाने ट्रॅक्टर चढेनासा होतो. थंड झाल्यावर पुन्हा ठीक. हे लक्षण दिसलं तर त्याच्यावर विसंबून उतरू नका, कारण उतारावर ब्रेकचं बरंचसं काम तोच करत असतो.

लॉन ट्रॅक्टर आणि गार्डन ट्रॅक्टर यांतला खरा फरक इथे आहे. दिसायला भावंडं, पण गार्डन ट्रॅक्टरची चौकट जड, मागची चाकं मोठी, ट्रान्सॲक्सल (ट्रान्समिशन आणि मागचा आस एकत्र) नांगर ओढण्याच्या ताकदीचा आणि तेल-फिल्टर बदलता येणारा. जुना घेतलात तरी तोच घ्या.

बर्फाळवाट | २६ मे

उतारासाठीच बनवलेली यंत्रंही असतात. व्हेंट्रॅकच्या ४५०० ला दुहेरी चाकं लावली की ३० अंशांपर्यंत मान्यता आहे. चेक प्रजासत्ताकातलं स्पायडर नावाचं रिमोटवरचं यंत्र ४० अंशांवर चालतं. किंमत एका अंगणासाठी परवडणारी नाही, पण भाड्याने मिळत असेल तर वर्षातून दोनदा आणता येईल.

रानजाई | २७ मे

उतरण, त्या २५ फुटांवर गवत हवंच कशाला? मी लँकेस्टरकडे राहते, माझ्याही मागे असाच बांध होता. कापणंच बंद केलं आणि तिथे झाडं लावली.

कोणी तुम्हाला क्राउन व्हेच सुचवेल. पेनसिल्व्हेनियात महामार्गांच्या उतारांवर हीच गुलाबी फुलांची वेल लावली, १९८२ मध्ये तिला राज्याची सुशोभन आणि संवर्धनाची अधिकृत वनस्पतीही केलं. पण ती आजूबाजूचं सगळं गिळत जाते, ओढ्याकाठी तर अजिबात नको. त्याऐवजी लिटल ब्लूस्टेम हे इथलंच गवत लावा. मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात, कापायची गरज वर्षातून एकदा, हिवाळा संपताना. थंडीत त्याचा रंग तांबूस होतो, आपल्याकडच्या सड्यावरच्या दिवाळीनंतरच्या गवताची आठवण येते. घराजवळ सुगंधी सुमॅक हे पसरणारं झुडूप. गोचिडांसाठी मधे तीन फुटांचा लाकडाच्या ढलप्यांचा पट्टा ठेवा, लॉन आणि उंच गवत यांच्यामध्ये.

सगळी माती एकदम उघडी करू नका, पावसात ओढ्यात जाईल. दरवर्षी आठ फूट करा.

उतरण | १२ ऑक्टोबर

मंडळी, हंगाम संपत आला म्हणून कळवतो.

जूनमध्ये जुना गार्डन ट्रॅक्टर घेतला, दोन सिलिंडर, आडवा शाफ्ट, रॉडपर्यंत दाबाने तेल. जुनं_लोखंड यांनी फोटो बघून मालिका तपासून दिली, त्यांचे मनापासून आभार. मागच्या चाकांना वजनं लावली. ऑइल प्रेशरचा नुसता दिवा होता, तिथे काट्याचं मीटर बसवलं. मधल्या १४ अंशांच्या भागात आता सरळ वर-खाली जातो. काटा थरथरतो तेव्हा कळतं कुठे तेल सरकतंय, ती जागा पुढच्या वेळी सोडतो. एकूण ३८ तास झाले. प्रत्येक शनिवारी तेल बघून वहीत लिहिलं, चार महिन्यांत मिळून पाव लिटरही घालावं लागलं नाही. आधीच्या ट्रॅक्टरला किती लागत असेल याचा विचार करवत नाही.

ओढ्याकडच्या पट्टीवर फक्त ग्रास कटर. पहिल्या दिवशी खांदे भरून आले, पण गवत निघालं. सप्टेंबरात त्यातल्या आठ फूट रुंद भागात लिटल ब्लूस्टेमची रोपं लावली, लेकीने ६० खड्डे मोजून केले. रानजाई, अजून बोटभरच आहेत, पण सगळी धरलीत.

काका, एक शंका. गॅरेजची फरशी दाराकडे किंचित उतरती आहे. तेल तिथे बघितलं तर चालेल का?

तेलपाणी | १२ ऑक्टोबर

फोन फरशीवर ठेवून मोजा. एक अंशाच्या आत असेल तर चालेल, पण ट्रॅक्टर दर वेळी त्याच जागी, तोंड त्याच दिशेला करून उभा करा, म्हणजे वहीतले आकडे एकमेकांशी ताडता येतील. इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा, तेल खाली उतरू द्या. आणि हिवाळ्यासाठी आत ठेवण्याआधी तेल बदलून ठेवा, वसंतात नाही. जळलेल्या तेलातलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहायला नको.

उतरण | १३ ऑक्टोबर

मोजलं, अर्धा अंश. शनिवारी तेल बदलतो.